31 तारखेची रात्र कुठे गेली?

मित्रांनो, आधीच सांगून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठीत चार ओळी लिहायच्या म्हटलं तरी घाम फुटतो. पण ही गोष्ट आमच्या हॉस्टेलच्या गेटवरच्या काकांची आहे. त्यांनाही वाचता यावी म्हणून मराठीतच लिहिते. चुका सांभाळून घ्या!

पाचव्या सेमच्या मिनी प्रोजेक्टसाठी आम्ही गेटवरचं हजेरी रजिस्टर कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरवलं. डेटाबेस मायएसक्यूएल. येण्याची वेळ आणि जाण्याची वेळ असे दोन कॉलम केले, दोन्ही नुसते 'टाइम' प्रकारचे. काका रात्री 10 ला येतात, सकाळी 6 ला जातात. 'टाइमडिफ' लावलं तर उत्तर आलं उणे 16 तास! म्हणजे काकाच कॉलेजचं देणं लागतात! ग्रुपमध्ये हशा पिकला. कारण साधं होतं. नुसत्या वेळेला आपण कुठल्या दिवसातले ते माहीत नसतं. दोन्ही कॉलम 'डेटटाइम' केले आणि 8 तास बरोबर आले.

मग ऑगस्ट 2025 चा रिपोर्ट काढला. क्वेरीत येण्याच्या वेळेला अट घातली, 'बिट्वीन 2025-08-01 अँड 2025-08-31'. रात्री भरल्या 25. काका म्हणाले, "बाळा, 26 आहेत. माझ्या डायरीत बघ." आणि मी काय म्हणाले माहितीये? "काका, कॉम्प्युटर चुकत नाही हो." ते बिचारे गप्प बसले. काका रोजावर आहेत. एक रात्र गेली म्हणजे एका दिवसाचा पगार गेला.

रात्री झोप येईना म्हणून क्वेरी पुन्हा उघडली. 'डेटटाइम' कॉलमशी नुसती तारीख ताडून पाहिली की मायएसक्यूएल ती मध्यरात्रीची 00:00:00 धरतं. म्हणजे 31 तारीख सुरू होताक्षणीच आमचा महिना संपत होता! त्या रात्री 10 ला आलेले काका हिशेबाबाहेर. एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. अट बदलली, '1 ऑगस्टला किंवा नंतर, आणि 1 सप्टेंबरच्या आधी'. रात्री भरल्या 26. रिपोर्ट ऑफिसला गेला नव्हता म्हणून बरं. सकाळी गेटवर जाऊन माफी मागितली.

पण खरा प्रश्न त्यानंतरचा. 31 ला रात्री सुरू झालेली ड्युटी 1 सप्टेंबरला सकाळी संपते. ती कुठल्या महिन्याची? हे कुठलंही मॅन्युअल सांगणार नाही. काकांच्या डायरीत उत्तर होतं. ज्या तारखेला ड्युटी चढली, रात्र त्या तारखेची. माझी आजीसुद्धा म्हणते की वार सूर्योदयाला बदलतो, मध्यरात्री नाही. पंचांगाचा हिशेबही तसाच. मी शाळेत 12 ए.एम. शिकले आणि तेवढंच खरं समजून बसले.

आपल्या लॅबमध्ये तारखेचं प्रॅक्टिकल म्हणजे आजची तारीख छापायची, जर्नलवर सही घ्यायची, संपलं. कोणी तर तारीख सरळ 'व्हारकॅर'मध्ये भरतं. मग '02/09/2025' ही '31/08/2025' च्या आधी लागते, कारण ते अक्षरं बघतं, दिवस नाही. मला वाटतं, व्हायवात सरांनी प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारावेत. तुझी क्वेरी महिन्याच्या शेवटच्या रात्री चालवून बघितलीस का? आणि ज्याचं रजिस्टर आहे त्याला विचारलंस का, की दिवस कधी बदलतो?

कॉम्प्युटर चुकला नव्हता हे खरंच. चुकले मी, आणि वर ते काकांवर ढकललं. तुमच्या प्रोजेक्टमधल्या प्रत्येक तारखेमागे असाच कोणीतरी माणूस उभा असतो. त्याची डायरी आधी बघा, क्वेरी मग लिहा.