घरचें दप्तर आणि घरचा स्कॅनर

आश्विनांतील कोरडें ऊन पडूं लागलें म्हणजे आमच्या घरची लोखंडी ट्रंक अंगणांत येते. तींत आजोबांच्या वेळचीं खरेदीखतें आहेत, फेरफाराचे उतारे आहेत, मोडींतलीं कांहीं पत्रें आहेत, शाळा सोडल्याचे दाखले आहेत, आणि ज्यांतील निम्म्या माणसांचीं नांवें आज कोणासही सांगतां येत नाहींत असे लग्नकार्याचे फोटो आहेत. पालघरपासून बोईसर-तारापूरपर्यंत अशी ट्रंक किंवा निदान एखादें बोचकें नसलेलें जुनें घर विरळा. चार महिन्यांचा पाऊस, समुद्रावरचा खारा वारा, कसर आणि वाळवी या चौघांनीं मिळून दरवर्षीं त्यांतून आपला वांटा उचललेला असतो.

तारापूरच्या शेजारीं चिंचणीस शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ मधला, ताम्रपट सांपडला. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या कारकीर्दींत संजाण प्रांताचा कारभार मुहम्मद नांवाच्या एका ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे होता, हें त्यावरून कळतें. दिनेशचंद्र सरकार यांनीं त्याचें वाचन 'एपिग्राफिया इंडिका'मध्यें प्रसिद्ध केलें. तांबें हजार वर्षें टिकलें. आमच्या आजोबांचा कागद आणखी पन्नास पावसाळे निभावेल असें वाटत नाहीं, आणि खरेदीखत तांब्यावर कोरून घेण्याची ऐपत आम्हां गृहस्थांची नव्हे. तेव्हां नक्कल करून ठेविली पाहिजे, याविषयीं दुमत नाहीं. मतभेद आहे तो नक्कल कशास म्हणावें याविषयीं.

हल्लीं कोणासही विचारावें, तो म्हणतो, "फोनवर फोटो काढून ठेविला आहे कीं!" आमचें म्हणणें असें कीं ती नक्कल नव्हे, ती फार तर आठवण. हात किंचित् कललेला असतो, आपल्याच डोक्याची सांवली कागदावर पडलेली असते, कडा वांकड्या येतात. आणि तोच फोटो व्हॉट्सॲपवरून चार नातेवाइकांकडे फिरून आला म्हणजे त्याचा आकार आटून बारीक अक्षरें पुसट झालेलीं असतात. बँकेंत तातडीनें एखादा कागद दाखवावयाचा असेल तर फोन उत्तम. त्याच्याशीं आमचें वैर नाहीं. परंतु मूळ कागद नाहींसा झाल्यावर ज्यावर विसंबावयाचें, तें काम त्याच्यावर सोंपवूं नये.

हें आम्ही पुस्तकी ज्ञानावरून लिहीत नाहीं. पूर्वीं एकदां आम्ही आजोबांचें एक बाड एका दुकानांत नेऊन स्कॅन करविलें. घाईघाईनें, निव्वळ काळ्या-पांढऱ्यांत, जेवढें काम स्वस्तांत होईल तेवढें. चकती घरीं आणून आम्ही निश्चिंत झालों. पुढें छपरांतून पाणी शिरून त्या बाडाचा लगदा झाला. मग चकती उघडून पाहतों तों अक्षरें आहेत, परंतु जांभळ्या शाईचा शिक्का कोठेंच नाहीं. फिकट रंग म्हणजे पांढरा, असा त्या यंत्राचा न्याय. त्यानें शिक्का, त्यांतली तारीख आणि समासांतली पेन्सिलीची टीप, तिन्ही स्वच्छ धुऊन टाकिलीं होतीं. कागद गोरा करून देणारी सोय जेथें असेल तेथें ती प्रथम बंद करावी, असा आमचा तेव्हांपासून हट्ट आहे. डाग, घडी, पाठीमागचा मजकूर, हीं सर्व त्या कागदाचीं अंगें आहेत. कागद काळा-पांढरा असला तरी स्कॅन रंगींतच घ्यावा.

संगणकाच्या स्कॅनरनें टिपलेलें पहिलें चित्र घरगुतीच होतें, हें विद्यार्थिमित्रांस ऐकून मौज वाटेल. इ. स. १९५७ मध्यें अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाण संस्थेंत रसेल कर्श यांनीं आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो यंत्राखालीं ठेविला. चित्र ५ सेंटिमीटर चौरस. त्याचे आडवे १७६ व उभे १७६ ठिपके झाले, म्हणजे इंचास सुमारें ९०. आज साधा स्कॅनर इंचास ३०० ठिपके सहज घेतो, आणि ए-४ आकाराच्या पानाचे त्या मापानें सुमारें ८७ लाख ठिपके होतात. छापील वा हस्तलिखित कागदास हें माप पुरतें. फोटोस मात्र ६०० घ्यावें. खोक्यावर छापलेल्या मोठमोठ्या आंकड्यांवर भुलूं नये. भिंगानें प्रत्यक्ष पाहिलेले ठिपके वेगळे, आणि यंत्रानें मागाहून अंदाजानें भरलेले वेगळे.

आतां नेटवर्कविषयीं. स्कॅनर एका संगणकास तारेनें बांधलेला असला म्हणजे तो त्या संगणकवाल्याचाच होतो. तो मुलगा एम. आय. डी. सी. तल्या पाळीवर गेला किंवा शिक्षणास मुंबईस राहिला कीं यंत्रावर धूळ. उलट, कोणता कागद कशाचा हें ठाऊक असतें आजीस; यंत्र कळतें नातवास; आणि दोघांस मोकळा वेळ एकाच घटकेस क्वचितच सांपडतो. स्कॅनर घरच्या वायफायच्या जाळ्यांत असला म्हणजे आजीनें दुपारीं कागद कांचेवर ठेवून एक कळ दाबावी, चित्र आपोआप सामाईक फोल्डरांत जाऊन पडावें, आणि रात्रीं नातवानें त्यास नांव द्यावें. आमच्या मतें नेटवर्कचा खरा लाभ हा आहे. वेग वगैरे गोष्टी दुय्यम.

मांडणी अवघड नाहीं. राउटरमध्यें स्कॅनरचा पत्ता कायमचा राखून ठेवावा, नाहींतर वीज जाऊन आली कीं पत्ता बदलतो आणि कळ दाबूनही चित्र कोठें पोंचत नाहीं. पावसाळ्यांत हा अनुभव आम्हांस एका आठवड्यांत तीनदां आला. संगणकावर त्या फोल्डरापुरतें वेगळें खातें व परवलीचा शब्द करावा, आणि तें फोल्डर घराबाहेरच्या इंटरनेटला उघडें ठेवूं नये. जुन्या यंत्रांची एक खोड आहे: त्यांस फोल्डर-वांटपाची एस. एम. बी. नांवाची पद्धत पहिल्या आवृत्तीपुरतीच ठाऊक असते. ती आवृत्ति विंडोज १० च्या नव्या मांडणींतून सन २०१७ अखेर वगळण्यांत आली. त्याच वर्षींच्या मे महिन्यांत 'वॉनाक्राय' नांवाचा उपद्रव याच आवृत्तींतील छिद्रावाटे जगभर पसरला होता. पुष्कळ लोक स्कॅनर चालावा म्हणून ती पुनः चालू करितात. आम्ही तसें करूं नये म्हणतों. स्कॅनर पेनड्राइव्हवर लिहूं शकत असेल तर तो मार्ग बरा. नुसत्या यू. एस. बी. तारेचा जुना, परंतु चांगला स्कॅनर असेल तर त्यास रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक जोडून 'सेन' या मोफत प्रणालीनें तोही जाळ्यांत आणितां येतो. दहावीच्या मुलामुलींस जमण्यासारखें हें काम आहे.

यंत्र निवडतांना एक पहावें. हल्लींचे पातळ, स्वस्त स्कॅनर कांचेला अगदीं चिकटलेलाच कागद स्पष्ट पाहतात. जाड वहीच्या शिवणीजवळचा भाग किंचित् उचलला गेला कीं तेथील अक्षर धूसर येतें. बांधीव वह्या पुष्कळ असतील तर सी. सी. डी. जातीचा, थोडा जाड व महाग स्कॅनर घेतलेला परवडतो. आपोआप कागद ओढणारें तोंड सुट्या नव्या कागदांसाठीं ठीक. जीर्ण मोडी पत्र त्यांत घालणें म्हणजे बकरें कसायाकडे देणें होय. पातळ कागदाच्या पाठीवरचीं अक्षरें पुढें उमटत असतील तर मागें काळा कागद ठेवावा. तसबिरींतला फोटो दमटपणानें कांचेस चिकटला असेल तर तो ओढूं नये. कांचेसकटच स्कॅन करावा.

मूळ चित्र टिफ स्वरूपांत ठेवावें. ए-४ चें एक पान सुमारें २६ मेगाबाइट होतें, पण हल्लीं साठवणुकीस जागेची वाण नाहीं. पाठवापाठवीस त्यावरून जेपेग करावें. एक प्रत दुसऱ्या गांवीं नातेवाइकाकडे असावी. आणि नांव देतांना आपल्या भागांतील एक घोटाळा ध्यानांत ठेवावा: एकच गांव जुन्या कागदांत माहीम तालुक्यांत, पुढें ठाणें जिल्ह्याच्या पालघर तालुक्यांत, आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत सांपडतें. म्हणून फाइलीच्या नांवांत आधीं सन, मग गांव, मग विषय असा क्रम आम्ही ठेविला आहे. तालुका-जिल्हा कागदावर जो असेल तो असो.

कांहीं गांवांस तर हा प्रश्न फारच जवळचा आहे. तारापूर अणुविद्युत केंद्राचे पहिले दोन संच १९६९ त सुरू झाले. पुढें तिसऱ्या व चौथ्या संचासाठीं पोफरण आणि अक्करपट्टी हीं गांवें उठलीं. जें अंगण आज दाखवितां येत नाहीं, त्याचा फोटो कोणाच्या तरी भिंतीवर असेल. जी विहीर राहिली नाहीं, तिचा उल्लेख एखाद्या वांटणीपत्रांत असेल. तेथल्या घरांतून आलेले विद्यार्थी हें वाचीत असतील, तर त्यांनीं सुरुवात फोटोंपासून करावी. शासनाच्या संकेतस्थळावर सातबारा पाहतां येतो. अंगणाचा फोटो तेथें नाहीं.

आमच्या ट्रंकेंतील काम अद्याप अर्ध्यावर आहे. कांचेस चिकटलेल्या चार तसबिरी उरल्या आहेत, आणि एका लग्नाच्या फोटोंत मागच्या रांगेंत, डावीकडून तिसरा, टोपी घातलेला एक मुलगा आहे. त्याचें नांव आजीस आठवतें आहे असें ती म्हणते. दिवाळीच्या सुटींत तो फोटो मोठा करून तिच्यापुढें ठेवावयाचा आहे.