बाहेरचे कोण?

परवा मावशीचा पुण्याहून फोन आला. आम्ही इथे एका मित्राच्या ‘मागणीला’ गेलो होतो, ही बातमी आईमार्फत तिच्यापर्यंत पोचली होती. तिचा पहिलाच प्रश्न : "काय रे, तिकडे बायका विकत घेतात म्हणे?"

मी हसून विषय बदलला. फोन ठेवल्यावर मात्र त्या हसण्याची लाज वाटली. म्हणून हे लिहितोय. मावशीसाठी, आणि तिच्यापेक्षा जास्त इथल्या आमच्या मंडळींसाठी.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी पाण्यातला माणूस. डेल्फ्टला नदीच्या गाळावर पीएच.डी. केली आणि गेली चार वर्षं कंपालात राहून व्हिक्टोरिया सरोवर आणि नाईलची मोजमापं करतो. डेल्फ्टला माझ्या शेजारच्या टेबलावर बुगांडातला एक मुलगा बसायचा. एकदा त्याने शेंगदाण्याचं कालवण खाऊ घातलं. ही तर आमची उपासाची आमटी, म्हटलं! तेव्हापासून जमलं ते जमलंच. मागणी त्याचीच.

या समारंभाला लुगांडा भाषेत ‘क्वांजुला’ म्हणतात. अर्थ साधा आहे : ओळख करून देणं. मुलाकडची मंडळी मुलीच्या घरी जातात. पुरुषांनी पायघोळ पांढरा कांझू आणि वर कोट घालायचा, बायकांनी खांद्यावर टोकदार फुगे असलेली गोमेसी. समोरासमोर दोन मांडव. दोन्हीकडे एकेक बोलका माणूस ठरवलेला, आणि सगळी मजा त्या दोघांच्या जुगलबंदीत. "कोण तुम्ही? वाट चुकलात का?" इथून सुरुवात. मुलाकडच्यांनी कूळ सांगायचं, वाडवडील सांगायचे, चिमटे सोसायचे. मग मुलीची आत्या, म्हणजे सेंगा, येऊन गर्दीतून नेमका मुलगा हुडकून काढते आणि त्याला फूल लावते. हो, मानाची आत्या! मुलीच्या भावाला कोंबडा द्यावा लागतो. आपल्याकडे कानपिळीला नवऱ्याचा कान पिळून वसुली करतात, त्याचंच हे भावंड समजा.

बुगांडात पन्नासच्या वर कुळं आहेत. कुणाचं माकड, कुणाचा सिंह, कुणाचा नाकतोडा. आपल्या कुळाचा प्राणी खायचा नाही आणि एकाच कुळात लग्न करायचं नाही. देवक एक निघालं म्हणून सोयरीक मोडणाऱ्या आपल्या माणसांना यात ‘रानटी’ काय दिसतं, मला खरंच कळत नाही.

आता ‘विकत’चं. मुलाकडून भेटी जातात हे खरं. साखर, मीठ, मटण, केळ्यांचे घड, सासूला गोमेसी, सासऱ्याला कांझू. पश्चिमेकडे अंकोलेत गाई देतात. हल्ली टेम्पोतून सोफा आणि फ्रिजही उतरतात, आणि त्यासाठी कर्ज काढणारे आहेत. बायकांनी पाहुण्यांपुढे गुडघे टेकून बोलायचं, हे मला त्या दिवशीही खटकलं, आजही खटकतं. पण यावर तिथल्याच बायका भांडल्यात. टोरोरोच्या मिफुमी या संस्थेने हा प्रश्न कोर्टात नेला आणि २०१५ साली युगांडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की देणं बेकायदा नाही. पण लग्न मोडल्यावर ते परत मागणं घटनाबाह्य आहे. परतफेडीच्या धाकाने बाईला नको त्या घरात अडकवता येणार नाही.

आणि आपण? हुंडाबंदीचा कायदा १९६१चा. २०२२ या एका वर्षात भारतात सहा हजारांवर हुंडाबळींची सरकारी नोंद आहे. इथे मुलाकडचे देतात, आपल्याकडे मुलीकडच्यांनी द्यायचं आणि वर मुलगीही गमवायची. मावशी, विकत कोण घेतं?

पण माझं खरं भांडण मावशीशी नाही. ती इथे आलेलीच नाही. इथे दहा-दहा, वीस-वीस वर्षं राहिलेल्यांशी आहे.

त्या मांडवात मी डोक्यावर साखरेचं पोतं घेऊन शिरलो. बायकोने उसनी गोमेसी नेसली होती. मुलीकडच्या बोलक्या माणसाने आम्हाला बरोबर हेरलं. "हे मुयिंडी कुठून आणलेत? यांचं कूळ कोणतं?" मुयिंडी म्हणजे भारतीय. अख्खा मांडव हसला. आमच्या माणसाने शांतपणे उत्तर दिलं, "हे आमच्या घरचे आहेत."

दोन महिन्यांनी आमच्या भारतीय ग्रुपची जिंजाला सहल ठरली. नाईलचा उगम, कंपालापासून ऐंशी किलोमीटर. मी ग्रुपवर लिहिलं, माझा मित्र आणि त्याची बायकोही येतील. उत्तर आलं : "फॅमिली ट्रिप आहे. बाहेरचे नकोत."

युगांडात. युगांडाच्या माणसाला. बाहेरचे!

आणि मी काय केलं? काही नाही. मुकाट्याने गेलो. ठेपले, बटाट्याची भाजी, अंताक्षरी, सगळं झालं. आमचा ड्रायव्हर गाडीच्या सावलीत एकटा जेवला. १९४८ साली गांधीजींच्या अस्थींचा काही भाग तिथे नाईलमध्ये सोडला होता. त्यांचा अर्धपुतळा आहे, त्यापुढे आम्ही रांगेत उभं राहून फोटो काढले. सोमवारी मित्र म्हणाला, "फोटो छान आलेत." एवढंच. त्याने काही विचारलं असतं तर बरं झालं असतं.

हे बोललं की लगेच १९७२ पुढे येतं. इदी अमीनने आपल्या लोकांना नव्वद दिवसांत हाकललं, घरंदारं गेली. हे दुःख खरं आहे, त्यावर मी हलकं बोलणार नाही. पण अमीनने युगांडाचीही माणसं मारली, खूप मारली. त्याच्या पापाचा हिशोब आज माझ्या मित्राकडे आणि त्या ड्रायव्हरकडे मागायचा? दुसरं कारण जेवणाचं. "आपल्याला त्यांचं चालत नाही." अहो, मातोके म्हणजे केळीच्या पानात वाफवलेली कच्ची केळी. आमच्या कोणत्या शाकाहाराला ती बाधतात?

त्यांनी मात्र आपलं केव्हाच आपलंसं केलंय. इथे कोपऱ्याकोपऱ्यावर चपातीत ऑम्लेट गुंडाळून विकतात, नाव ‘रोलेक्स’. आणि ती गोमेसी? ते नाव गोम्स या गोवेकर शिंप्यावरून पडलं असं मानतात. आपल्या एका माणसाचं नाव या बायका सणासुदीला अंगावर मिरवतात, आणि आपल्याला शेजारणीचं नाव माहीत नसतं.

ओळख करून देणं हा इथे एवढा मोठा सोहळा आहे. आपण इथे पिढ्यान्‌पिढ्या राहून आपली ओळखच करून दिलेली नाही. गेटच्या आत बसून राहिलो आणि बाहेरच्यांना ‘बाहेरचे’ म्हणत राहिलो.

पुढची सहल मर्चिसन धबधब्याची आहे. मी ग्रुपवर चार नावं कळवली आहेत : आमची दोन, त्यांची दोन. अजून उत्तर नाही. नाहीच आलं तर आमची गाडी वेगळी जाईल, आणि ड्रायव्हर आमच्या पंगतीला बसेल.

आणि मावशी, डिसेंबरात ते दोघं माझ्याबरोबर पुण्याला येतायत. तुझ्याकडे जेवायला आणतो. तुझा प्रश्न तिलाच विचार. फक्त ती उलटून हुंड्याचं विचारेल, तेवढी तयारी ठेव.