फोटोत पाठ माझी, नाव त्याचं

रविवार उजाडला की भाऊच्या धक्क्यावर कॅमेरेवाले उतरतात. आम्ही बर्फाच्या लाद्या ओढतो, ते आमचे फोटो ओढतात. बोटी, कावळे, कोळणी, आमच्या पाठी, सगळं एकाच भावात. हौस म्हणे. असू दे. हौस हा काही गुन्हा नाही.

एकाने माझाही फोटो काढला. पोरगा वाईट नव्हता, चहा पाजला. महिन्याने एका प्रदर्शनात तो फोटो भिंतीवर दिसला. खाली लिहिलेलं : 'श्रमाचं सौंदर्य'. फोटो फर्मास होता. म्हणूनच डोकं फिरलं. पाठीवरचं पाणी कसं चमकत होतं! ते पाणी मणक्यात किती मुरतं, हे चौकटीत नव्हतं. रोज किती मिळतो, तेही नव्हतं. माझं नाव नव्हतं. काढणाऱ्याचं मात्र ठळक.

मी बुलडाण्याचा. जून २०२० मध्ये आमच्या लोणारच्या सरोवराचं खारं पाणी गुलाबी झालं. मिठात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग, असं पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून सांगितलं. देशभर फोटो फिरले. पाण्याच्या रंगाचं सुद्धा कारण शोधलं गेलं. त्याच उन्हाळ्यात टाळेबंदीमुळे पायी गावाकडे निघालेल्या मजुरांच्या भेगाळल्या पायांचेही फोटो फिरले. त्यातल्या बहुतेक पायांना नाव नव्हतं. कारण कोण शोधणार?

म्हणजे कॅमेरा दुश्मन आहे का? नाही. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले. पुढे २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते फोटो बघताना 'वा, काय उजेड पकडलाय' असं तोंडातून निघत नाही. माणूस या गटारात का उतरतो, हा सवाल आपल्यालाच पकडतो. फरक यंत्रात नाही, कॅमेरा धरणारा कुठे उभा आहे त्यात आहे.

मी मायला मरीन ड्राइव्हचा फोटो धाडला. ती म्हणे, "बाबू, समुद्र तं दिसून राह्यला, पण तू कुठी हायेस?"

सगळ्या समीक्षकांपेक्षा माझी अडाणी माय मोठी.

आता मोबाइल आपल्याही खिशात आहे. मावळता सूर्य काढायला चिक्कार लोक आहेत, तो त्यांना सोड. तू तुझा नाका काढ. संडासाची रांग काढ, पाळीवरचा सोबती काढ. पण विचारून काढ. खाली नाव लिही, काम लिही, रोज लिही. न विचारता काढलास तर तूही त्यांच्याच रांगेतला, मग निळा झेंडा खांद्यावर असो की नसो.

तो पोरगा पुन्हा येईल. मी त्याला हाकलणार नाही. या खेपेला चहा मी पाजीन. आणि म्हणेन, कॅमेरा ठेव बाजूला. कागद काढ. आधी नाव लिहून घे.