बोंडअळी, पेशी आणि गणित

राळेगावच्या कापूस बाजारात व्यवहार करणाऱ्या घरांना गुलाबी बोंडअळी नव्याने समजावून सांगावयास नको. बीटी कापसाला देशात २००२ साली परवानगी मिळाली. त्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर साध्या कपाशीचे १२० ग्रॅम बियाणे वेगळे दिले जाई. ते कडेने पेरावे, तेथे साध्या अळ्या जगाव्यात आणि बीटीला न जुमानणाऱ्या एखाद्या पतंगाचा संकर त्यांच्या वंशाशीच व्हावा, असा त्यामागील हिशेब होता. पुष्कळांनी ती पुडी बाजूला टाकली. २०१७ च्या हंगामात किडलेली बोंडे यवतमाळ जिल्ह्याने पाहिली.

कर्करोगाच्या संशोधनात आज याच्याशी मिळताजुळता हिशेब मांडला जात आहे. पीटर नोवेल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७६ साली दाखवून दिले, की एका पेशीपासून वाढलेली गाठ एकजिनसी राहत नाही. तिच्यात फेरफार होत जातात आणि जो वंश टिकाव धरतो तोच वाढतो. एका पेशीची ३० वेळा दुप्पट झाली की संख्या १०७ कोटींवर जाते. सावकारीत व्याजाला मुद्दलापलीकडे जाऊ न देणारा दामदुपटीचा नियम होता. पेशींच्या वहीत तसा निर्बंध नाही. इतक्या पेशींत औषधाला दाद न देणाऱ्या काही आधीपासूनच असू शकतात. बाकीच्या मेल्या, की त्यांना रान मोकळे मिळते.

फ्लोरिडातील टॅम्पा येथील मॉफिट कर्करोग केंद्रात गणितज्ञांचा स्वतंत्र विभाग आहे. तेथील रॉबर्ट गेटनबी व सहकाऱ्यांनी प्रोस्टेटच्या वाढलेल्या कर्करोगाचे ११ रुग्ण निवडले. रक्तातील पीएसए निम्म्यावर आले की औषध थांबवायचे आणि ते मूळ पातळीवर परतले की पुन्हा सुरू करायचे. येथे संकर नाही, स्पर्धा आहे: औषधाला बळी पडणाऱ्या पेशी जिवंत ठेवल्या, तर त्या चिवट पेशींना दाबून ठेवतात. २०१७ च्या अहवालानुसार नेहमीच्या निम्म्याहून कमी औषधात आजार मध्यमानाने किमान २७ महिने आटोक्यात राहिला. अकरा रुग्ण हा नमुनाच झाला. हे वाचून कोणी आपल्या घरातील रुग्णाचे औषध परस्पर बंद करू नये.

असे काम पुण्यातही झाले आहे. ‘आरण्यक’मुळे मराठी वाचकांना परिचित असलेले मिलिंद वाटवे हे पुण्याच्या आयसर संस्थेत प्राध्यापक होते. त्यांनी एका सहकाऱ्यासह २०२० साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधाचा प्रश्न मोठा मार्मिक आहे. पेशीत फेरफार साचत जाणे एवढेच कर्करोगाचे कारण मानले, तर वयानुसार दिसणाऱ्या रुग्णसंख्येशी गणित जुळते काय? त्यांचा कल असा, की फेरफारांच्या संख्येइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व ती पेशी ज्या परिस्थितीत वाढते तिला आहे.

अशा गटात शिरण्यासाठी डॉक्टर असावे लागत नाही, ही गोष्ट व्यापारी घरांच्या ध्यानी येत नाही. आयसरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी बारावी विज्ञान व स्वतंत्र प्रवेश परीक्षा लागते. वाणिज्य शाखेच्या मुलामुलींनीही निराश होऊ नये. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील संख्याशास्त्राच्या पदवीसाठी बारावीला गणित आणि इंग्रजी असले की प्रवेश परीक्षेला बसता येते.

‘पुढे मिळणार काय?’ हा वडीलधाऱ्यांचा प्रश्न रास्त आहे. नेटमधून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाल्यास २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये व घरभाडे मिळते. चालत्या पेढीच्या उत्पन्नापुढे ही रक्कम लहान आहे आणि पीएचडीला पाच-सहा वर्षे लागतात, हेही घरात आधीच बोलून घ्यावे. मात्र ज्या मुलीला किंवा मुलाला ताळेबंदातील न जुळणारा आकडा झोपू देत नाही, त्यास सनदी लेखापालाखेरीज दुसरी वाट नाही असे समजणे अन्यायाचे होईल. गटप्रमुखास पत्र लिहिण्यापूर्वी त्याचा एक शोधनिबंध नीट वाचावा आणि त्यातील न समजलेली एक जागा पत्रात नेमकी विचारावी. गुणपत्रिका त्यानंतर जोडावी.