शेजारचे काका

परवा रात्री मीरा रोडच्या घरी निक लव्हचा २००९ सालचा 'द फर्म' पाहिला. १९८०च्या दशकातले वेस्ट हॅमचे मारामारी करणारे समर्थक. अंगात क्लबची जर्सी नाही, तर महागडे ट्रॅकसूट! अशा टोळ्यांनी पोलिसांच्या नजरेत येऊ नये म्हणून क्लबचे रंग टाकले, मग कपडे हीच ऐट झाली. कोवळा डॉम भुलतो तो त्या कपड्यांना आणि वयाने मोठ्या बेक्सच्या रुबाबाला. मारामारी नंतर येते.

मला आमचं कोल्हापूर आठवलं. शाहू स्टेडियम, पाटाकडील, शिवाजी, दिलबहार.. इथे रंग लपवत नाहीत, मिरवतात. पण हुल्लडबाजी इथेही झालीच आहे. शाळेत असताना मीही एकदा गॅलरीतून बाटली भिरकावली होती. कुणाला लागली का, हेही पाहिलं नाही. घरी कधी बोललो नाही, आज इथेच वाचा.

त्यामुळे 'गुंडच ते' म्हणून मोकळं होणं मला जमत नाही. कुणीतरी आपल्याला 'आपला' म्हणावं, एवढंच डॉमला हवं असतं. मलाही तेच हवं होतं. पोलीस बंदोबस्त हवाच, पण खरी जबाबदारी गॅलरीतल्या थोरल्यांची. त्या दिवशी शेजारच्या काकांनी माझा कान धरला असता तर? ते हसले, आणि त्यांनी पाठ थोपटली.