साहेबांचा राग ‘कडक शिस्त’, शिपायाचा राग ‘उद्धटपणा’. असं का होतं?

मीटिंगमध्ये साहेबांनी टेबलावर हात आपटला तर ते ‘कडक’ ठरतात. शिपायानं आवाज चढवला तर त्याला मेमो मिळतो. राग तोच, फरक खुर्चीचा. राग, भीती, अपमान या भावना आवरणं हा फक्त स्वभावाचा प्रश्न नाही. हातात सत्ता किती आहे, यावरही ते ठरतं.

‘भावनिक श्रम’ म्हणजे काय?

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये ‘द मॅनेज्ड हार्ट’ या पुस्तकात ही संकल्पना मांडली. त्यासाठी त्यांनी डेल्टा एअरलाइन्सच्या केबिन क्रूचा अभ्यास केला होता. प्रवासी कितीही उर्मट वागला तरी हसतमुख राहणं हा त्यांच्या नोकरीचाच भाग होता. पद आणि मान ही माणसाची ढाल असते, असं हॉकशील्ड सांगतात. ज्यांच्याकडे ती नसते, त्यांच्यावर इतरांचा राग थेट निघतो. आपल्याकडे यालाच वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात.

राग गिळला की काय होतं?

मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांच्या संशोधनात भावना हाताळण्याच्या दोन पद्धती ठळकपणे येतात. एक, प्रसंगाकडे वेगळ्या नजरेनं पाहणं. दुसरी, भावना चेहऱ्यावर येऊच न देणं. दुसऱ्या पद्धतीत चेहरा शांत दिसतो, पण आतली धुसफूस फारशी कमी होत नाही. शरीरावरचा ताण वाढतो, त्या वेळचं बोलणंही नीट लक्षात राहत नाही. ज्याची नोकरी समोरच्याच्या हातात आहे, त्याच्या वाट्याला बहुतेकदा हीच पद्धत येते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार!

महिलांचं काय?

व्हिक्टोरिया ब्रेस्कॉल आणि एरिक उलमन यांचा २००८ मधला अभ्यास बोलका आहे. कामाच्या ठिकाणी रागावलेल्या पुरुषाला लोकांनी वरचा दर्जा दिला. रागावलेल्या महिलेचा दर्जा मात्र घसरला, मग ती प्रशिक्षणार्थी असो की सीईओ. पुरुष रागावला तर ‘तसंच काही घडलं असेल’; महिला रागावली तर ‘तिचा स्वभावच तसा’.

मग उपाय काय?

अनेक कंपन्या कर्मचाऱ्यांसाठी ताणमुक्तीची शिबिरं घेतात. दीर्घ श्वास घेतल्यानं बरं वाटतं, पण साहेबांची जीभ त्यानं आवरत नाही. लैंगिक छळाविरोधातल्या २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती सक्तीची केली. त्यात बाहेरचा एक सदस्यही असावा लागतो. म्हणजे तक्रारीचा निवाडा फक्त साहेबांच्या मर्जीवर राहत नाही. रोजच्या शिवीगाळीच्या आणि पाणउताऱ्याच्या तक्रारींसाठीही हेच तत्त्व हवं. संयमाचे धडे द्यायचेच असतील, तर सुरुवात वरच्या खुर्चीपासून व्हावी.