पावसाच्या सुट्टीची जप्ती

पावसामुळे शाळेला सुट्टी मिळाली, तर मुलांनी घरात बसून काय करावं, या प्रश्नाला माझं उत्तर तयार आहे : काहीही करू नये. आणि आईबापांनी त्यांना ते करू द्यावं. हे मत घरात मांडायची माझी छाती नाही, म्हणून छापून घेतो आहे. माझं छापलेलं घरात कोणी वाचत नाही.

निमित्त झालं १९ ऑगस्ट २०२५ च्या मंगळवारचं. मुंबईत पाऊस असा कोसळत होता की सगळ्या शाळा-कॉलेजांना सुट्टी जाहीर झाली. बँकेला अर्थातच नाही. बँकेच्या गिऱ्हाइकाला गुडघाभर पाण्यातून येऊनही पासबुक भरून घ्यायचं असतं. मी पँट वर दुमडून मुलुंड स्टेशन गाठलं. पुढे रुळांवर पाणी. गाडी हलायचं नाव घेईना. फलाटावर दीड तास उभं राहून, शिलकीतली एक किरकोळ रजा खर्ची टाकून मी घरी परतलो.

तर घरात शाळा भरलेली!

कन्या सातवीत आहे. ती हॉलमध्ये लॅपटॉपसमोर बसून "येस मिस" म्हणत होती. चिरंजीव चौथीत. ते स्वयंपाकघरात माझ्या आईच्या मोबाइलसमोर, वर गणवेशाचा शर्ट आणि खाली चड्डी अशा अवस्थेत गुणाकार करत होते. म्हणजे सुट्टी पावसानं दिली, सरकारनं मंजूर केली आणि शाळेनं मधल्यामध्ये जप्त केली. २०२० साली कोरोनाच्या वेळी शाळा घरात शिरली तेव्हा नाइलाज होता, कबूल. पण ती पाहुणी घराची किल्लीच घेऊन गेलीय, हे आमच्या लक्षात आलं नव्हतं. गिऱ्हाइकाच्या खात्यात जमा झालेले पैसे आम्ही न विचारता परत फिरवले, तर ते तडक लोकपालाकडे जातं. चौथीतल्या मुलानं कोणाकडे जायचं?

साडेअकराला वर्ग सुटला. मला वाटलं, आता तरी पोरं मोकळी झाली. तेवढ्यात पालकांच्या ग्रुपवर यादी आली : पावसाळी दिवसासाठी पंचवीस शैक्षणिक उपक्रम. आमच्या हिला त्या दिवशी घरून काम होतं. ती बेडरूममध्ये मीटिंगला बसली होती. तिथूनच तिनं ती यादी माझ्या मोबाइलवर धाडली. खाली लिहिलं होतं, "अहो, यातले निदान चार."

पहिला उपक्रम ज्वालामुखीचा. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर. व्हिनेगर घरात नव्हतं, म्हणून लिंबू पिळलं. ज्वालामुखी उत्तम झाला. त्याचा रस ओट्यावरून वाहत थेट कणकेच्या परातीत गेला. दुसरा उपक्रम रंगीत तांदळाच्या चित्राचा. तो आईनं तांदळाच्या डब्यावर बसूनच हाणून पाडला. तिसऱ्याला चिरंजीव म्हणाले, "बाबा, कंटाळा आला."

वाचकहो, या दोन शब्दांना हल्लीचे आईबाप जितके भितात तितकं आमच्या मॅनेजरला इन्स्पेक्शनलाही भिताना मी पाहिलेलं नाही. मुलगा कंटाळला की आपण आईबाप म्हणून नापास! लगेच कोणी क्लास काढतं, कोणी कागद-कात्री, आणि सगळं थकलं की मोबाइल. मोबाइल देणाऱ्या बाईला मी दोष देणार नाही. दोन खोल्या, त्यात चार दोऱ्यांवर न वाळणारे कपडे, आत मीटिंग आणि बाहेर मारामारी. अशा वेळी मीही दिला आहे. माझा राग त्या घाईवर आहे. मी साधा कॉमर्सचा पदवीधर. बालमानसशास्त्र मला कळत नाही, पण थकबाकी कळते. कर्जाचा हप्ता चुकला म्हणून खातं दुसऱ्या दिवशी बुडीत धरत नाहीत. ९० दिवस वाट पाहतात, मगच त्यावर 'अनुत्पादक' असा शिक्का बसतो. रिझर्व्ह बँक कर्जबुडव्यालाही ९० दिवस देते हो! आपण पोटच्या पोराच्या कंटाळ्याला ९० सेकंद देत नाही.

त्या दिवशी ती मुदत विजेनं दिली. दोनच्या सुमारास दिवे गेले, वायफाय गेलं आणि पाठोपाठ मोबाइलनंही मान टाकली. तासभर मुलं गजांना नाक लावून बसली. मग धाकट्यानं दोरीवरची ओली चादर ओढून तंबू केला. थोरली "बावळट" म्हणत आत शिरली. तिच्यामागे आजी शिरली. आतून पत्त्यांचा आवाज आला. आमच्या कॅटातली चौकटची नव्वी हरवलेली आहे, तिचं काम कॅलेंडरचा तुकडा करतो. बदाम सात भांडणात संपलं आणि नाव-गाव-फळ-फूल सुरू झालं. अक्षर आलं 'ठ'. गाव सगळ्यांचं ठाणे, पाच-पाच गुण. फळाशी सगळे अडले. चिरंजिवांनी लिहिलं, 'ठेचलेला पेरू'.

"विशेषण लावून चालत नाही!" थोरली ओरडली.

"मग तू दाखव ना 'ठ'वरून फळ!"

"दहा दे गं त्याला," आजीनं निकाल दिला. "ठेचलेला असला तरी पेरूच आहे."

पुढच्या डावात 'म'वरून त्यानं 'मोठं पनवेल' लिहिलं आणि खटला पुन्हा उभा राहिला. विशेषणाचा असा सराईत गैरवापर करणाऱ्याला व्याकरण येत नाही, असं कोण म्हणेल?

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्यातला बाप जागा झाला. चादर वर करून मी रिकामा डबा आत सरकवला. सरळ कडांचा डबा गच्चीत ठेवायचा, त्यातलं पाणी पट्टीनं मोजायचं, तोच पाऊस. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला; तर आपल्या हॉलच्या १२ चौरस मीटरवर किती?

तंबूत शांतता. धाकट्यानं पत्ते खाली ठेवले. "बाबा," तो म्हणाला, "हे परीक्षेला आहे का?"

११,३२८ लिटर. उत्तर मीच दिलं आणि डबा घेऊन बाहेर आलो. आत पुन्हा हसायला लागले, ते मी पुरता स्वयंपाकघरात पोचल्यावर.

सात वाजता वीज आली. हिनं दार उघडलं. "झाले का चार उपक्रम? ग्रुपवर सगळ्यांनी फोटो टाकलेत. आपण काय टाकू?"

"टाक," मी म्हटलं, "वीज नव्हती."